थांबण्याची विद्या

जबलपूर शहरात, कारखान्यांकडे जाणाऱ्या वाटेवर, कांचघर नावाची जुनी वस्ती आहे. नावात काच असली, तरी या बाजूचा नित्याचा संबंध लोखंडाशी आहे. १९०४ सालापासून चालत आलेला तोफगाड्यांचा कारखाना, दुसऱ्या महायुद्धात उभारलेला खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना आणि १९६९ साली स्थापन झालेला वाहन कारखाना या तिघांनी या शहराला कानस, छिन्नी आणि खराद यांची भाषा शिकविली. मध्यप्रांताची राजधानी नागपूर होती त्या काळापासून, म्हणजे १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वीपासून, येथे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांच्या बोलीतही ही भाषा उतरली आहे. अशा वस्तीच्या चौकातून आजही कधीकाळी एक उंच, चौकोनी, धिप्पाड मोटार घरघर करीत जाते, आणि चहाच्या टपरीवरील वयस्क माणसे मान वळवून म्हणतात, "जोंगा आली!"

जोंगा हे नाव एखाद्या डोंगरी नदीचे शोभावे असे आहे. वस्तुतः ती 'जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली' या लांबलचक नावाची आद्याक्षरे होत. मूळ बांधणी जपानच्या निस्सान कंपनीच्या 'पॅट्रोल' या गाडीची. तिचा परवाना घेऊन ती सैन्यासाठी जबलपुरात तयार होऊ लागली. सहा सिलिंडरांचे, जवळजवळ चार लिटर क्षमतेचे पेट्रोल इंजिन, चारही चाकांना गती देण्याची सोय आणि कसल्याही रस्त्यावर न कुरकुरणारी चाल यांमुळे तिने सैन्याची दीर्घकाळ सेवा केली. १९९९ साली तिचे उत्पादन थांबले. पुढे सैन्याने मोडीत काढलेल्या गाड्या लिलावात निघाल्या आणि हौशी लोकांनी त्या घेतल्या. क्रिकेटपटू महेंद्रसिंह धोनी यांनी २०१९ साली अशी एक जुनी जोंगा घेतली, तेव्हा जबलपुराबाहेरच्या तरुणांनाही या नावाची ओळख झाली.

अशी गाडी दारात आली की मालक प्रथम तिच्या रंगाचा विचार करतो, मग गाद्यांचा, मग इंजिनाचा. गाडी धावू लागली की त्याला कृतार्थ वाटते. ती थांबणार कशी, हा प्रश्न बहुधा सर्वांत शेवटी सुचतो, आणि पुष्कळदा तो एखाद्या उतारावर सुचतो. जोंगाच्या चारही चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रम-ब्रेक आहेत. आजच्या गाड्यांच्या निदान पुढच्या चाकांना तरी डिस्क-ब्रेक असतात. तेव्हा जुन्या गाडीला नवे ब्रेक बसवावेत काय? बसवावेत तर कसे? आणि बसविल्यावर ती गाडी पूर्वीचीच राहिली असे म्हणता येईल काय? यांतील पहिले दोन प्रश्न यंत्रशास्त्राचे आहेत. तिसरा यंत्रशास्त्राच्या थोडा पलीकडे जातो.

ब्रेक गाडी थांबवितो असे आपण सहज म्हणतो. पण गतीमध्ये साठलेली शक्ती नाहीशी करण्याचे सामर्थ्य कोणत्याच यंत्रात नाही. ब्रेक एवढेच करतो की घर्षणाच्या योगाने त्या शक्तीचे उष्णतेत रूपांतर करतो आणि ती उष्णता हवेत सोडून देतो. माणसे आणि सामान धरून दोन टन वजनाची गाडी ताशी ८० किलोमीटर वेगाने जात असताना एकदम थांबविली, तर जी उष्णता निर्माण होते तिने सुमारे दीड लिटर थंड पाणी उकळू लागेल. वेग निम्म्यावर, म्हणजे ४० वर आणला, तर ही उष्णता निम्मी न होता चौथाई होते. कारण गतीची शक्ती वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. वेगाचा मोह ज्यांना आवरत नाही त्यांनी हे साधे गणित एकदा कागदावर मांडून पाहावे.

आता घाटाचा विचार करावा. जबलपूरहून नागपूरकडे जाणारा रस्ता सिवनी ओलांडल्यावर कुरईच्या घाटाने सातपुड्यावरून खाली उतरतो. दोन टनांची गाडी २०० मीटर उंचीवरून खाली उतरली आणि तिचा सगळा भार ब्रेकवरच टाकला, तर बारा लिटर पाणी उकळण्याइतकी उष्णता त्या चार चाकांना गिळावी लागते. म्हणूनच उताराला गाडी खालच्या गिअरमध्ये घालून इंजिनाकडून तिला आवरून धरावे, असा जुन्या चालकांचा दंडक होता. ज्याला तो दंडक ठाऊक नाही तो ब्रेकवर पाय रोवून बसतो.

ड्रम-ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणारे बिडाचे एक गोल भांडे असते, तो ड्रम. त्याच्या आत अर्धचंद्राकृती दोन पट्ट्या असतात. मिस्त्री त्यांना 'शू' म्हणतात. शूवर घर्षणाचा थर म्हणजे लायनर चिकटविलेला किंवा रिव्हेटने ठोकलेला असतो. पायाने पेडल दाबले की ब्रेक-ऑइलच्या दाबाने शू बाहेर फाकतात आणि ड्रमच्या आतील भिंतीवर घासतात. या रचनेत एक मोठी खुबी आहे. फिरणारा ड्रम पुढच्या शूला आपल्याबरोबर ओढून अधिकच घट्ट बसवितो. चालकाने थोडे बळ लावावे आणि ब्रेकने त्यात स्वतःच्या बळाची भर घालावी, अशी ही सोय आहे. यामुळेच जुन्या जड गाड्या कोणत्याही यांत्रिक साहाय्याविना केवळ पायाच्या जोरावर थांबू शकल्या. ड्रमला जुनाट म्हणून हिणविणाऱ्यांनी हा त्याचा गुण विसरू नये.

परंतु या गुणाच्याच पोटी त्याचा दोष दडलेला आहे. ज्या घर्षणातून हे वाढीव बळ मिळते ते घर्षणच कमी झाले, तर ब्रेकची शक्ती त्या मानाने कितीतरी अधिक घटते. आणि घर्षण कमी होण्याचे प्रसंग तर घाटात व पावसात नेमके येतात. बंद भांड्यात कोंडलेली उष्णता लवकर बाहेर पडत नाही. लायनर तापून त्याची पकड सुटू लागते. शिवाय तापलेला बिडाचा ड्रम प्रसरण पावतो, त्याची भिंत शूपासून दूर सरकते आणि पेडल दर खेपेला अधिक खोल जाऊ लागते. पावसाळ्यात नाल्याचे पाणी ड्रममध्ये शिरले तर ते तेथेच साठून राहते. चार चाकांतले एक आधी वाळले आणि तीन ओली राहिली, तर ब्रेक दाबताच गाडी एका अंगाला खेचली जाते. उष्णता चाकाच्या आतील सिलिंडरपर्यंत पोचली म्हणजे आणखी एक संकट उभे राहते. ब्रेक-ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट-३ जातीचे ताजे ऑइल २०५ अंश सेल्सियसच्या खाली उकळू नये असे मानक आहे. ओलावा शोषलेल्या त्याच ऑइलाची मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येते. नळीत वाफ झाली की ती दाबली जाते, पुढे बळ पोचवीत नाही. पेडल जमिनीला टेकते आणि गाडी पुढे जातच राहते.

डिस्क-ब्रेकची कल्पना ड्रमइतकीच जुनी आहे, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. फ्रान्समध्ये लुई रेनॉल्ट यांचा ड्रम-ब्रेक आणि इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्क-ब्रेकसाठी घेतलेले पेटंट, दोन्हीचा काळ १९०२ च्या आसपासचा. लँचेस्टर यांनी चाकाबरोबर फिरणारी धातूची पातळ तबकडी दोन्ही बाजूंनी चिमटीत धरण्याची युक्ती योजिली. पण चिमटीला तांब्याचे अस्तर होते. ते असे कर्कश किंचाळे की कान किटून जात. त्या काळच्या रस्त्यांची धूळही उघड्या तबकडीला सोसवेना. विचार योग्य होता, परंतु त्याला साजेसा पदार्थ अजून जन्माला यायचा होता. जवळजवळ अर्धशतक ही कल्पना मागे पडून राहिली. पुढे १९५३ साली फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांनी डनलॉपचे डिस्क-ब्रेक लावलेली जॅग्वार गाडी पहिली आणली. लांबलचक सरळ रस्त्यावरून भरधाव येऊन तीव्र वळणाच्या तोंडाशी गाडी आवरायची, आणि हे चोवीस तास पुन्हा पुन्हा करायचे, अशी ती परीक्षा होती. १९५५ साली सित्रोएन डी.एस. ही घरगुती वापराची गाडी पुढच्या चाकांना डिस्क घेऊनच बाजारात आली.

डिस्कचे काम समजण्यास सोपे आहे. फिरती थाळी बोटांच्या चिमटीत धरून थांबवावी, तशी ही क्रिया. थाळी म्हणजे डिस्क, चिमटी म्हणजे कॅलिपर, आणि बोटांच्या ठिकाणी पॅड. डिस्क उघडी असल्याने वाऱ्याने निवते. पाणी पडले तरी फिरण्याच्या वेगाने बाहेर फेकले जाते आणि उरलेले पॅडच पुसून काढतो. तापल्यावर ती किंचित जाड होते, म्हणजे पॅडपासून दूर जाण्याऐवजी त्याच्याकडेच सरकते. पायाने जेवढा दाब द्यावा तेवढ्याच प्रमाणात ती चाक आवरते. अंगचे बळ घालून फसवीत नाही आणि संकटात पाठही फिरवीत नाही.

मात्र येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. डिस्क लावली की गाडी तत्काळ थांबते, अशी समजूत पसरली आहे. नीट जुळविलेला ड्रम-ब्रेकही थंड असताना चाक जागच्या जागी जाम करू शकतो. चाक एकदा जाम झाल्यावर पुढचे सारे टायर आणि रस्ता यांच्या पकडीवर अवलंबून असते. तेथे ड्रम काय आणि डिस्क काय, दोघेही सारखेच असहाय. डिस्कचा खरा लाभ दहाव्यांदा ब्रेक दाबताना, घाटाच्या शेवटच्या वळणावर आणि नाला ओलांडल्यावर कळून येतो.

आता असा एक जोंगाचा मालक कल्पावा, की जो नागपूरच्या नातलगांकडे आपल्या गाडीने जाण्याची हौस बाळगून आहे. आणि कांचघराच्या बाजूला दुकान असलेला, कारखान्यातून निवृत्त झालेला एक मिस्त्रीही कल्पावा. मालक उत्साहाने म्हणेल, "काका, भंगारात एका नव्या गाडीच्या डिस्क मिळाल्यात. पुढच्या दोन चाकांना बसवून टाका."

मिस्त्री हातातला पान्हा खाली ठेवून विचारील, "दादा, ती गाडी किती वजनाची होती?"

या एका प्रश्नात सगळे शास्त्र आले. हलक्या मोटारीची डिस्क दोन टनांच्या गाडीला लावणे म्हणजे तेवढीच उष्णता लहान भांड्यात ओतणे होय. दुसरा प्रश्न कॅलिपर कशाला पकडावयाचा हा. ब्रेक दाबताच चाक थांबविण्याचा सगळा पीळ कॅलिपरच्या आधारपट्टीवर येतो. ती पट्टी पुरेशा जाडीच्या पोलादाची असावी, स्टिअरिंगच्या मुळाशी कारखान्याने दिलेल्या बोल्टच्या जागांवरच बसावी, आणि डिस्कचा मध्य हबच्या मध्याशी खरादावर तंतोतंत जुळवावा. हाताला आले तेथे वेल्डिंग करून कॅलिपर टांगणारा कारागीर दुरुस्ती करीत नसतो, पुढच्या अपघाताची तयारी करीत असतो. चाकाच्या आतील बाजूस कॅलिपर घासत नाही ना, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळविल्यावर रबरी नळी ताणली जात नाही ना, हेही आधी पाहावे लागते.

तिसरी गोष्ट मास्टर सिलिंडरची. कॅलिपरचे पिस्टन मोठे असल्याने त्यांना ड्रमच्या सिलिंडरपेक्षा अधिक ऑइल लागते. जुनाच लहान मास्टर सिलिंडर ठेवला तर पेडल खोल जाते. फार मोठा घातला तर पेडल दगडासारखे कठीण होते. शिवाय ड्रमच्या नळीत थोडा दाब सतत टिकवून धरणारी एक झडप असते. ती डिस्कच्या वाटेवर तशीच राहिली, तर पॅड डिस्कला घासतच राहतात आणि गाडी चालताना स्वतःलाच तापवीत जाते. अनेक जुन्या गाड्यांत ऑइलचा एकच मार्ग चारही चाकांना जातो. एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. म्हणून या कामाला हात घातलाच, तर पुढच्या व मागच्या चाकांसाठी स्वतंत्र मार्ग असलेला जोड मास्टर सिलिंडर बसवून घ्यावा. अनेकांच्या मते डिस्कपेक्षाही ही सुधारणा मोलाची आहे.

चौथी गोष्ट बळाची. ड्रम स्वतःचे बळ घालीत असे, डिस्क तसे घालीत नाही. तेव्हा ती उणीव बूस्टरने भरून काढावी लागते. इंजिन हवा ओढून घेते त्या ठिकाणी निर्माण होणारी निर्वात स्थिती बूस्टर वापरतो. म्हणून उतारावर पेट्रोल वाचविण्यासाठी इंजिन बंद करण्याची खोड ज्यांना आहे त्यांनी ती सोडावी. बंद इंजिनाच्या गाडीत बूस्टरचे साठलेले बळ थोड्याच वेळा ब्रेक दाबण्यापुरते उरते.

पाचवी आणि सर्वांत नाजूक गोष्ट समतोलाची. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे झुकतो आणि मागची चाके हलकी होतात. अशा वेळी मागची चाके आधी जाम झाली, तर गाडीचा पार्श्वभाग फिरून पुढे येऊ पाहतो. पुढची चाके आधी जाम झाली तर गाडी वळत नाही खरी, पण निदान सरळ जाते. यास्तव मागच्या ड्रमकडे जाणारा दाब आवश्यक तेवढा कमी करणारी झडप बसवून, पुढची चाके किंचित आधी जाम होतील असे जुळवावे लागते. हे जुळविणे कागदावर होत नाही. नळ्यांतील हवा काढून झाल्यावर एखाद्या मोकळ्या मैदानावर प्रथम ताशी वीस, मग तीस, मग चाळीस किलोमीटर वेगाने गाडी थांबवून पाहावी. टायरांचे ठसे सरळ उमटले का, ते पाहावे. बोल्ट पुन्हा तपासावेत. घाई ज्याला सुचते त्याने या कामाला हात न घातलेला बरा. आणि जुने ड्रम उघडताना आतील धूळ फुंकरीने किंवा हवेच्या झोताने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतो आणि तो फुप्फुसाला घातक आहे. ती धूळ ओल्या फडक्याने टिपून घ्यावी.

हे सर्व ऐकून मालक थोडा हिरमुसला होऊन विचारील, "मग काका, ड्रमच राहू द्यायचे का?"

मिस्त्री म्हणेल, "गाडी कशासाठी ठेवणार, ते आधी ठरवा. सणासुदीला बाहेर काढून मिरवायची असेल, तर ड्रम खरादावर साफ करून घेऊ, नवे लायनर लावू, सिलिंडरची रबरं बदलू, ऑइल ताजं भरू. एवढ्यानंही ती अर्धी नवी होईल. पण घाट उतरून नागपूरला जायचं असेल, तर डिस्कचा विचार करा. आणि केलात, तर पुरता करा."

या विचाराला आज आणखी एक बाजू आहे. जोंगा जन्मली तेव्हा तिच्यापुढे धावणारी बस आणि ट्रकही ड्रमच्याच ब्रेकांवर चालत होते. सगळेच सावकाश थांबत, म्हणून दोन गाड्यांमधील अंतरही त्या बेताने राखले जाई. आता भारतात एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा बंधनकारक आहे. अशी गाडी समोर अचानक थांबली, तर तिच्या मागून येणाऱ्या जुन्या गाडीला तितक्याच अंतरात थांबणे प्राप्त होते. जुनी गाडी बदलली नाही, तरी तिच्या भोवतालचा रस्ता बदलला आहे.

कायद्याचाही विचार केला पाहिजे. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या ५२ व्या कलमान्वये, नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ ठरविलेल्या तपशिलाहून भिन्न होईल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील एका निर्णयात या कलमाची बंधने ठामपणे उचलून धरली. २०२१ साली पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी विंटेज नोंदणीचे स्वतंत्र नियम झाले. त्यांत गाडी मूळ स्वरूपात असावी आणि सांगाडा, बाह्यांग वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट आहे. ब्रेकचा उल्लेख तेथे वेगळा नाही. तथापि काम सुरू करण्याआधी परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करणे आणि विमा कंपनीस कळविणे हेच शहाणपणाचे. अपघातानंतर केलेल्या खुलाशापेक्षा काम सुरू होण्यापूर्वी केलेला अर्ज कधीही अधिक उपयोगी पडतो.

राहता राहिला तिसरा प्रश्न. डिस्क लावलेली जोंगा ही जोंगा राहते काय? जुन्या वस्तूंचे रसिक म्हणतात, की एक भाग बदलला की दुसरा बदलण्याचा मोह होतो, आणि शेवटी उरते ते केवळ नाव. या म्हणण्यात तथ्य आहे. जबलपूरच्या कामगारांच्या हातांनी घडलेली ही गाडी आता पुन्हा तयार होणार नाही. तिचा प्रत्येक मूळ भाग हा त्या श्रमांचा दस्तऐवज आहे. पण मंदिराचा जीर्णोद्धार करणारा शहाणा कारागीर जे करतो तेच येथेही करता येते. नवे असे जोडावे की जुन्याला इजा होणार नाही, आणि पुढे कोणाला वाटले तर ते काढून पूर्ववत करता येईल. मूळ भागांत भोके पाडू नयेत, कापाकापी करू नये. हबवर खरादकाम करणे भागच असेल, तर ते दुसरा हब मिळवून त्यावर करावे आणि मूळ हब जपून ठेवावा. काढलेले ड्रम, शू, सिलिंडर ग्रीस लावून, कागदात गुंडाळून, कोणत्या चाकाचे ते लिहून एका पेटीत ठेवावे. केलेल्या बदलाची टिपणवही त्याच पेटीत असावी. पुढचा मालक ती पेटी उघडील तेव्हा त्याला गाडीचा संपूर्ण इतिहास हाती येईल.

आणि या वादात एक पक्षकार असा आहे की ज्याचे मत कोणी विचारीत नाही. कांचघराच्या चौकात शाळा सुटल्यावर रस्ता ओलांडणारे मूल. त्याला जोंगाचा इतिहास ठाऊक नाही, मूळ भागांची महती ठाऊक नाही, ड्रम आणि डिस्क यांतला भेद तर मुळीच ठाऊक नाही. गाडी येते आहे आणि ती थांबेल, एवढाच त्याचा विश्वास. जुनी गाडी रस्त्यावर आणणाऱ्याने तो विश्वास आधी सांभाळावा, मग हौस. ड्रम उत्तम राखून तो सांभाळता येत असेल तर ड्रम राखावेत, आणि डिस्क लावून येत असेल तर ती नीट लावावी. मूल रस्ता ओलांडून पलीकडे जाईल, मागे वळून पाहणारही नाही, आणि मिस्त्रीच्या कामाची तीच पावती होय.